अनुस्वारही दिसला पाहिजे, शत्रूही

मी प्रुफं तपासते. पाठ्यपुस्तकांची, दिवाळी अंकांची, मार्च उलटला की पतसंस्थांच्या अहवालांची. सकाळी नऊपासून संध्याकाळी सहापर्यंत माझं सगळं लक्ष एका टिंबावर असतं. अक्षरावर दिसतोय तो अनुस्वार की पडद्यावरची धूळ, हे ओळखायचे मला पैसे मिळतात. आणि रात्री साडेदहाला ओटा आवरून झाला की मी हेडफोन चढवते आणि पुण्यातला धाकटा भाऊ आणि त्याचे दोन मित्र यांच्याबरोबर काउंटर-स्ट्राइक हा गोळीबाराचा गेम खेळते. वय ३९. हे दोन्ही उद्योग एकाच पडद्यावर चालतात, आणि माझी सगळी कटकट तिथूनच सुरू झाली.

खेळाचा नाद जुना आहे. २००३-०४ च्या सुमाराला डोंबिवलीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सायबर कॅफे होता, तासाला १५ रुपये. ते डबा मॉनिटर होते, मागे हे एवढं पोट असलेले. कॅफेवाल्या दादाने आल्या आल्या एक गोष्ट शिकवली होती. बसलीस की आधी डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये जा आणि ६० चं ८५ कर, नाहीतर डोकं धरेल. खरंच धरायचं. ६० हर्ट्झवरच्या, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र नव्याने काढणाऱ्या, त्या काचेकडे सरळ बघितलं तर काही कळायचं नाही, पण शेजारच्या मॉनिटरकडे डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं की तो लुकलुकताना स्पष्ट दिसायचा. डोळ्याच्या कडेला लुकलुक जास्त कळते.

मग एलसीडी आले आणि मी समजले, की लुकलुकीचा विषय संपला. तो संपला नव्हता, हे कळायला मला वीसेक वर्षं आणि साडेतेरा हजार रुपये लागले.

गेल्या दिवाळीच्या सेलमध्ये मी एक गेमिंग मॉनिटर मागवला. २७ इंच, वक्र पडदा, १६५ हर्ट्झ, आणि खोक्यावर माझ्या तळहाताएवढ्या अक्षरांत ‘१ एमएस’, म्हणजे एक मिलिसेकंद. कंपनीचं नाव सांगत नाही. पहिल्या आठवड्यात मी खूश होते. दुसऱ्या आठवड्यापासून रात्री साडेअकराच्या आसपास भुवईच्या वर, डाव्या बाजूला, कोणी अंगठ्याने दाबतंय असं दुखायला लागलं. मी केलं काय, तर कोणीही करेल तेच: ब्राइटनेस कमी केला. ५० वर आणला, मग ३०, मग २०. जसजसा उजेड कमी करत गेले तसतसं दुखणं वाढत गेलं. हे गणित मला महिनाभर सुटलं नाही.

नेत्रतज्ज्ञ बाईंकडे गेले. नंबर होता तेवढाच होता. डोळे कोरडे पडलेत म्हणाल्या, थेंब लिहून दिले आणि विचारलं, ‘पापण्या मिटता का?’ एरवी माणूस मिनिटाला पंधराएक वेळा पापणी लववतो, पडद्यासमोर बसला की ते पाच-सातवर येतं. निशाणा धरून कोपऱ्याकडे टक लावून बसले असेन तेव्हा माझं बहुधा शून्यावर येत असावं. थेंबांनी चुरचुर गेली. भुवईवरचा अंगठा काही हटला नाही.

शेवटी उत्तर सापडलं पेन्सिलीमुळे. खोलीत अंधार करायचा, पडद्यावर कोरं पांढरं पान लावायचं, ब्राइटनेस २० वर आणायचा आणि पडद्यासमोर पेन्सिल भराभर इकडून तिकडे हलवायची. दिवा स्थिर असेल तर पेन्सिलीचा एकसंध धुरकट पंखा दिसतो. मला दिसल्या सुट्या सुट्या पेन्सिली, विड्यांच्या काड्या पसरून ठेवाव्यात तशा. मोबाइलच्या कॅमेऱ्यात शटर १/२००० वर नेऊन बघितलं, तर पडद्यावर काळे आडवे पट्टे.

झालं होतं ते असं. एलसीडीच्या मागे एलईडी दिवे असतात. आपण ब्राइटनेस कमी केला की ते दिवे मंद होतील अशी आपली भाबडी समजूत. काही मॉनिटर खरोखर तसं करतात, दिव्याला जाणारा विद्युतप्रवाहच कमी करतात. पण स्वस्तातला जुना मार्ग वेगळा आहे. नळ अर्धा उघडायच्या ऐवजी पूर्ण उघडायचा, पूर्ण बंद करायचा, पुन्हा उघडायचा. सेकंदाला दोनशेच्या आसपास वेळा. बादलीत पाणी अर्धंच पडतं, पण धार अखंड नसते. ब्राइटनेस १०० वर असताना नळ सतत चालू असतो, म्हणून तेव्हा त्रास नाही. २० वर आणला की दिवा पाचातला चार भाग वेळ विझलेला. याला पीडब्ल्यूएम म्हणतात. डोळ्यांची काळजी म्हणून मी उजेड कमी करत होते आणि दर पायरीला लुकलुक वाढवत होते.

प्रत्येकाला याचा त्रास होतो असं नाही. भावाने त्याच मॉनिटरवर दोन तास बसून ‘ताई, मला तर काहीच होत नाहीये’ असं सांगितलं. त्याच्या डोक्यात दुखण्यासारखं काही नाही, हा माझा जुना सिद्धान्त आहे.

आता त्या १ एमएसकडे येते, कारण त्यात तर मी प्रुफवाली असून फसले. मोठ्या अक्षरांखाली बारीक टायपात ‘एमपीआरटी’ लिहिलं होतं. बारीक टाइप वाचणं हे माझं पोट भरण्याचं साधन, आणि मी तो वाचला पैसे भरल्यावर. दोन वेगळी मापं आहेत ही. जीटीजी म्हणजे पडद्यावरचा ठिपका एका करड्या छटेतून दुसऱ्या छटेत जायला किती वेळ घेतो ते. कंपन्या अर्थातच सगळ्यात सोयीची छटा निवडून आकडा छापतात. एमपीआरटी म्हणजे हलतं चित्र डोळ्यासमोर किती वेळ रेंगाळतं ते. ते रेंगाळणं कमी करायची एक युक्ती आहे: प्रत्येक फ्रेमला मागचा दिवा क्षणभर लखकन पेटवायचा आणि उरलेला वेळ अंधार ठेवायचा. चित्र कमालीचं धारदार होतं, खोटं नाही. स्पर्धेत खेळणारी मुलं मुद्दाम ही सोय वापरतात. पण एका बाजूला ‘१ एमएस’ आणि दुसऱ्या बाजूला डोळ्याचं चित्र काढलेलं ‘आय केअर’ छापलेल्या त्या खोक्यावर पहिली गोष्ट मिळवायची तर दुसरी सोडावी लागते, हे कुठेही छापलेलं नव्हतं.

गंमत म्हणजे कॅफेतल्या डबा मॉनिटरवर पळणारा माणूस इतका स्पष्ट का दिसायचा, याचंही कारण हेच. तिथेही प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझायचा. स्पष्ट चित्र आणि डोकेदुखी दोन्ही एकाच नळाचं पाणी.

तर दुसऱ्यांदा मी सेलची वाट बघितली नाही. एका शनिवारी ग्रँट रोडला उतरले आणि लॅमिंग्टन रोडवर, मुंबईच्या कॉम्प्युटर बाजारात गेले. पर्समध्ये लाल पेन्सिल आणि एक पेन ड्राइव्ह. पेन ड्राइव्हमध्ये एका दिवाळी अंकाचं नऊ पॉइंटातलं पान. दुकानातल्या मुलाने विचारलं, ‘रेसिंग की फायरिंग?’ म्हटलं, फायरिंग आणि मुद्रितशोधन. तो हसला, पण पुढचे दोन तास त्याने मला सहन केलं, त्याचे आभार.

पहिला घोळ असा झाला की कॅमेऱ्यात सगळेच मॉनिटर पट्टे दाखवायला लागले. मग मोबाइल भिंतीकडे वळवला तर भिंतीवरही पट्टे. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे हलके एलईडी दिवे सेकंदाला शंभर वेळा कमी-जास्त होतात, आणि त्या दुकानात छतभर तेच. त्याने बिचाऱ्याने एक रांग बंद केली, मॉनिटर मागच्या बाजूला फिरवून दिला, तेव्हा कुठे खरं-खोटं कळलं. दुकानात ही परीक्षा घेणार असाल तर आधी भिंतीची घ्या.

त्याने सर्वांत आधी ओएलईडी दाखवला, ज्यात मागे दिवा नसतो, ठिपकेच स्वतः उजळतात. माझ्या बजेटच्या तिप्पट, आणि हलतं चित्र असं की मी अवाक झाले. मग माझं पान उघडलं. अक्षरांच्या शिरोरेषेच्या कडांना पोपटी आणि गुलाबी अशी बारीक झाक. क्यूडी-ओएलईडी जातीच्या पडद्यात लाल, हिरवे, निळे ठिपके एका रांगेत नसून त्रिकोणात असतात, त्यामुळे आडव्या कडांना रंग सुटतो. रोमन अक्षरांत आडव्या कडा तुटक असतात. आपल्याकडे तर प्रत्येक शब्दावर अख्खी रेघ! गेमसाठी स्वर्ग, पण दिवसभर पोपटी शिरोरेषा बघायची म्हणजे मी आठवड्याने चुकीच्या जागी काना काढला असता. शिवाय सकाळपासून एकच टूलबार एकाच जागी ठेवणाऱ्या बाईने ओएलईडी घेऊ नये. तिथे डाग पडायची भीती असते.

व्हीए या एलसीडीच्या जातीतला वक्र पडदा मी बघितलाही नाही. घरच्यात पुरेसं पाहिलं होतं: काळ्याचं करडं व्हायला त्याला वेळ लागतो, त्यामुळे टनेलमधल्या अंधारात कोणी पळालं की त्याच्यामागे शाईचा ओघळ उमटायचा. पांढऱ्या कागदावर बोट फिरवल्यासारखा. तो ओघळ बघत डोळा ताणायचा, हाही एक ताणच.

राहिला आयपीएस, एलसीडीचीच दुसरी जात. आणि इथे मी हर्ट्झपेक्षा ठिपक्यांचा हिशेब जास्त केला. २७ इंचांवर १०८० चं रिझोल्यूशन म्हणजे इंचाला ८२ ठिपके. नऊ पॉइंटात अनुस्वाराच्या वाट्याला त्यातले एक-दोन येतात, आणि ‘ऱ्हास’मधला र डोळे बारीक केल्याशिवाय ओळखू येत नाही. त्याच २७ इंचांवर १४४० घेतलं की इंचाला १०९. मी पान १०० टक्क्यांवर ठेवलं, हातभर अंतरावर बसले आणि ‘सिंह’, ‘कर्तृत्वांनी’ असलं काहीबाही वाचून दाखवलं. मुलगा म्हणाला, ‘मॅडम, असं कोणी टेस्ट करत नाही.’

वेगाचं म्हणाल तर ६० हर्ट्झवर एक फ्रेम १६.७ मिलिसेकंद थांबते, १४४ वर ६.९, १८० वर ५.६, ३६० वर २.८. साठावरून १४४ वर जाताना दहाएक मिलिसेकंद वाचतात. १८० वरून ३६० वर जाताना तीनसुद्धा नाहीत. आणि २०२३ मध्ये काउंटर-स्ट्राइक २ आला, त्यातला धूर फुटला की माझं जुनं ग्राफिक्स कार्ड १७० फ्रेमवरून थेट ११० वर येतं. ३६० चं मी काय लोणचं घालू? म्हणून १८० हर्ट्झ, १४४० चा सपाट आयपीएस, काच मॅट, स्टँड वर-खाली होणारा. १८ हजार ८००, बिलासकट. २० ब्राइटनेसवर पेन्सिलीचा धुरकट पंखा दिसला, मग पैसे दिले.

निघताना त्याने निळा प्रकाश अडवणारा चष्मा माझ्या गळ्यात मारायचा प्रयत्न केला. तो घेतला नाही. अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा आढावा कॉक्रेन या वैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या संस्थेने २०२३ मध्ये काढला, त्यात डोळ्यांचा ताण कमी होतो असं काही हाती लागलेलं नाही. नेत्रतज्ज्ञ बाईही त्याबद्दल थंडच होत्या. रात्री पडदा जरासा पिवळा करते मी, पण तो आवडतो म्हणून.

घरी आल्यावर थोडी मांडामांड केली. पुस्तकाचं पान मॉनिटरशेजारी धरायचं आणि पडदा तेवढाच उजळ ठेवायचा, दिव्यासारखा नाही. मॉनिटरच्या मेनूतला तो लखलखाट करणारा मोड बंद. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे ठिपक्यांना छटा बदलायची घाई करायला लावणारी सोय, ‘नॉर्मल’वर, कारण ‘एक्स्ट्रीम’ला हलत्या माणसामागे उलटी पांढरी सावली येत होती. मॉनिटरच्या मागे भिंतीवर एक साधा पिवळट दिवा. आणि खुर्ची दोन फूट सरकवली, कारण छताचा पंखा थेट डोळ्यांवर वारा मारत होता आणि मी मात्र पापण्यांचा दोष काढत बसले होते.

भुवईवरचा अंगठा चौथ्या-पाचव्या दिवशी गेला. खेळात मात्र काही विशेष फरक वाटेना. उलट जुन्या १६५ पेक्षा हा जडच वाटत होता. भावाला तसं म्हटलंही, की १८० वगैरे सगळं खोक्यावरचं असतं रे.

‘ताई,’ तो म्हणाला, ‘विंडोजमध्ये हर्ट्झ बघितलेस का?’

डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये गेले. ६०. नवीन मॉनिटर जोडला की विंडोज बऱ्याचदा साठावरच बसून राहतं, आणि मी आठ रात्री साठावर खेळत होते. सतराव्या वर्षी कॅफेत दुसऱ्यांच्या कॉम्प्युटरवर जाऊन ६० चं ८५ करून येणारी मी. भाऊ हेडफोनमध्ये इतका हसला की त्याच्या मित्रांना काय झालं ते सांगावं लागलं.

१८० केलं. माउसचा बाण फिरवून बघितला, मग उगाच आणखी दोनदा फिरवला. तेवढ्यात मॅच सुरू झाली. आम्ही १३-४ ने हरलो.