आधी कपाट, मग कार्यशाळा

मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे गंभीर आजारातल्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची, कार्यशाळा कशी पार पडते हे आता ठरूनच गेलंय. जिल्ह्याच्या गावी सभागृह, दोन दिवस स्लाइड्स, जेवण, शेवटी प्रमाणपत्रं आणि सगळ्यांचा फोटो. सोमवारी डॉक्टर आणि नर्स वॉर्डात परततात. समोर हाडांत पसरलेल्या कॅन्सरने कण्हणारं सहा वर्षांचं मूल असतं आणि औषधांच्या कपाटात पॅरासिटामॉल आणि ट्रॅमाडॉलपलीकडे काही नसतं. शिकलेलं विसरायला एवढं पुरतं.

म्हणून प्रशिक्षण वाढवायचं म्हटलं की "किती जणांना शिकवलं?" हा प्रश्न थोडा मागे ठेवावा. आधी विचारावं, त्या रुग्णालयात पोटात घ्यायचं मॉर्फिन, म्हणजे तीव्र वेदनेवरचं अफूपासून बनणारं औषध, आहे का? नसेल तर कोणामुळे अडलंय?

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाच्या २०१७ च्या अहवालानुसार आजाराच्या तीव्र यातना सोसत दर वर्षी जवळपास २५ लाख मुलं मरतात आणि त्यांतली ९८ टक्क्यांहून जास्त विकसनशील देशांतली असतात. जागतिक आरोग्य परिषदेने २०१४ मध्येच सगळ्या देशांना पॅलिएटिव्ह केअर नेहमीच्या आरोग्यसेवेत आणायला सांगितलं होतं. ठरावाने कपाट भरत नाही, हे वेगळं.

भारतात कपाटाची किल्ली एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांच्या, कायद्यात आहे. १९८५ च्या या कायद्याच्या धाकाने औषध दुकानदार आणि रुग्णालयं मॉर्फिनपासून लांबच राहिली. २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटानिल, मेथाडोन अशी सहा औषधं 'अत्यावश्यक' गटात आली आणि देशभर एकच पद्धत लागू झाली: राज्याच्या औषध नियंत्रकाकडून, म्हणजे महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाकडून (एफडीए), 'मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्था' म्हणून मान्यता घ्यायची. त्यासाठी वेदनाशमनाचं प्रशिक्षण घेतलेला डॉक्टर लागतो, वर्षाला किती औषध लागेल याचा अंदाज द्यावा लागतो आणि प्रत्येक गोळीचा हिशेब नोंदवहीत ठेवावा लागतो. अवघड यात काही नाही. पण हा अर्ज भरायला कार्यशाळेत कोणी शिकवत नाही, कारण शिकवणारे डॉक्टर असतात आणि अर्ज भरणारा फार्मासिस्ट. त्याला तर बोलावलेलंच नसतं.

एका वॉर्डातून एकट्या डॉक्टरला पाठवणं, ही या सगळ्यातली सर्वांत महागडी काटकसर. तो बदलून गेला की सगळं त्याच्याबरोबर गेलं. निदान चौघं एकाच ठिकाणची हवीत: एक डॉक्टर, दोन वेगवेगळ्या पाळ्यांतल्या नर्स आणि फार्मासिस्ट. समाजसेवा अधीक्षक असेल तर फारच उत्तम. युगांडाने २००४ मध्ये प्रशिक्षित नर्सना मॉर्फिन लिहून द्यायची मुभा दिली, त्यामुळे तिथलं प्रशिक्षण नर्सभोवती उभं राहिलं. आपल्याकडे चिठ्ठी डॉक्टरच लिहितो. तरी मोजणं, पाजणं, मुलावर लक्ष ठेवणं, आईला समजावणं आणि रात्री फोन उचलणं नर्सकडेच येतं. तिला मागच्या रांगेत बसवून शिकवलं तर मधली कडीच निसटते.

आता डोसचा हिशेब. कार्यशाळेचा निम्मा वेळ इथे गेला तरी चालेल, कारण मोठ्यांवर मॉर्फिन वापरून सरावलेला डॉक्टरही मुलाच्या वजनापाशी अडखळतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१२ मध्ये मुलांसाठी वेदनाशामक औषधांची तीन पायऱ्यांची शिडी दोनच पायऱ्यांची केली. दुखणं सौम्य असेल तर पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन, मध्यम किंवा तीव्र असेल तर थेट मॉर्फिन. मधली कोडीनची पायरी काढली, कारण कोडीनचं शरीरात मॉर्फिन व्हावं लागतं आणि कोणात ते किती होईल याचा भरवसा नाही. काही मुलांत जवळजवळ होतच नाही, काहींत इतक्या झपाट्याने होतं की श्वास मंदावतो. आपल्याकडे ती रिकामी पायरी ट्रॅमाडॉलने भरली गेलीय. मॉर्फिन मिळत नाही हे त्याचं एकमेव खरं कारण.

पॅरासिटामॉल दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांनी, दिवसाला जास्तीत जास्त चार वेळा. नवजात बाळाला याहून कमी. मॉर्फिन आधी कधीच न घेतलेल्या, वर्षापेक्षा मोठ्या मुलाला पोटातून सुरुवातीला दर किलोला ०.२ मिलिग्रॅम, दर चार तासांनी. वर्षाच्या आतल्या बाळाला दर किलोला ०.०८ पासून सुरुवात, आणि तीही अनुभवी माणसाशी बोलूनच.

दहा किलोचं मूल घ्या. डोस झाला २ मिलिग्रॅम. हातात गोळी १० मिलिग्रॅमची. मुलांसाठीचं पातळ औषध बहुतेक ठिकाणी नसतंच, मग साधी गोळी बारीक कुटायची, सिरिंजने मोजलेल्या १० मिली उकळून गार केलेल्या पाण्यात ढवळायची, म्हणजे १ मिलीत १ मिलिग्रॅम आलं. गाळ तळाशी बसायच्या आत, ढवळल्या ढवळल्या, सुई काढलेल्या सिरिंजने २ मिली ओढून गालाच्या आतल्या बाजूला हळूहळू सोडायचं. उरलेलं पुढच्या डोससाठी न ठेवता टाकून द्यायचं. चव कडू असते. वरून चमचाभर साखरपाणी द्यावं. हे सगळं स्लाइडवर दाखवून येत नाही. प्रत्येकाच्या हातात सिरिंज, खलबत्ता आणि साखरेची गोळी देऊन करून घ्यावं लागतं.

चुका कुठे होतात हे ठरलेलं आहे. पहिली म्हणजे 'एसआर' गोळी कुटणं. ही गोळी हळूहळू विरघळायला बनवलेली असते. कुटली की बारा तासांचं औषध एकदम अंगात जातं. दोन्ही गोळ्या १० मिलिग्रॅमच्या मिळतात, म्हणून फार्मासिस्टने त्या वेगळ्या कप्प्यात ठेवाव्यात आणि पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरांत 'कुटू नका' असं लिहावं. दुसरी चूक दशांश चिन्हाची. '.५' मधला टिंब पुसला की ५ होतात, म्हणून नेहमी '०.५' लिहायचं, आणि पूर्ण संख्येपुढे '.०' कधीच लावायचं नाही. तिसरी, चिठ्ठीवर नुसते मिलिग्रॅम. आई मिलिग्रॅम पाजत नाही, मिली पाजते, तेव्हा दोन्ही लिहा आणि सिरिंजवर २ मिलीच्या रेघेशी चिकटपट्टी लावून द्या. वाचता न येणाऱ्या घरासाठी कागदावर सूर्य आणि चंद्र काढून वेळा दाखवाव्यात. रात्री दोनचा डोस मूल झोपलंय म्हणून सोडला जातो आणि पहाटे ते किंचाळत उठतं. मग घरचे म्हणतात, औषध लागू पडत नाही.

वेळेआधी दुखणं उसळलं तर दिवसाच्या एकूण डोसच्या ५ ते १० टक्के जादा द्यायचं. या मुलाचे दिवसाचे १२ मिलिग्रॅम होतात, म्हणजे जादा डोस साधारण १ मिली. असे डोस वारंवार लागले तर मूळ डोस वाढवायचा, मात्र घरी असलेल्या मुलाचा एका दिवसात ५० टक्क्यांपेक्षा जास्त नको.

मॉर्फिनच्या पहिल्या डोसबरोबरच बद्धकोष्ठाचं औषध सुरू व्हायला हवं. मळमळ काही दिवसांत जाते, बद्धकोष्ठ जात नाही. पोट फुगून मूल रडतं, दुखणं वाढलं समजून मॉर्फिन वाढवलं जातं आणि पोट आणखी फुगतं. पहिले एकदोन दिवस मूल खूप झोपलं तर घाबरू नये. कित्येक रात्रींची झोप भरून निघत असते. मात्र हलवूनही जागं होत नसेल आणि श्वास संथ पडला असेल तर पुढचा डोस थांबवून लगेच फोन करायचा. लघवी कमी झाली असेल, जुलाब-उलट्यांनी अंग सुकलं असेल, तर मॉर्फिन शरीरात साठतं; डोसमधलं अंतर वाढवावं लागतं. हे वाक्य नर्सला पाठ हवं.

दुखणं मोजायला पैसा लागत नाही. न बोलणाऱ्या मुलासाठी 'फ्लॅक' मापन आहे: चेहरा, पाय, हालचाल, रडणं, समजूत पटणं, प्रत्येकाला ० ते २ गुण, एकूण १०. चार वर्षांपुढे सहा चेहऱ्यांचं चित्र चालतं, आठ वर्षांपुढे मूल आकड्यात सांगू शकतं. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूतल्या दोषाने हालचाली बिघडलेल्या, मुलात मात्र फ्लॅक फसवतं, कारण पाय ताठ असणं हे त्याचं रोजचंच असतं. तिथे आधी आईला विचारायचं, "ताई, याला दुखतं तेव्हा हा नेहमीपेक्षा वेगळं काय करतो?" आणि ती सांगेल ते केसपेपरवर तिच्याच शब्दांत लिहायचं. या मुलांत दुखण्याची कारणं बहुधा साधी निघतात: किडलेला दात, घशाशी येणारं आम्ल, निखळलेला खुबा, चार दिवस न झालेली शी. पॅलिएटिव्ह म्हणजे फक्त कॅन्सर, फक्त शेवटचा आठवडा, हा समज इथेच मोडता येतो. थॅलसेमिया, एचआयव्ही, स्नायूंचे आजार, सगळी याच वॉर्डातली मुलं.

बोलायला शिकवणं सर्वांत अवघड, आणि वेळापत्रकात नेमकं तेच शेवटच्या दुपारी, बसची वेळ झाल्यावर येतं. पहिल्या सकाळी ठेवा. तिघांचे गट करा: एक डॉक्टर, एक आई, एक निरीक्षक, दहा मिनिटांचा प्रसंग, मग अदलाबदल. "आता करण्यासारखं काही नाही" या वाक्याला बंदी. त्याऐवजी सुरुवात अशी: "आजपर्यंत तुम्हाला काय काय सांगितलंय?" मग गप्प बसायचं. तेवढं गप्प बसणं बहुतेकांना जमत नाही. निरीक्षकाने घड्याळ लावून सांगावं, डॉक्टर किती सेकंदांनी बोलले. "त्याला काही कळत नाही, त्याच्यासमोर काही बोलू नका" हे आजी म्हणणारच. तिच्याशी वाद न घालता मुलाने काही विचारलंय का, हे तिलाच विचारावं. पाच वर्षांच्या आतल्या मुलाला मरण म्हणजे कुठेतरी जाऊन परत येणं वाटतं, सात-नऊ वर्षांच्या सुमारास ते कायमचं असतं हे कळू लागतं. उत्तर त्या मापाचं हवं.

भाषा हाही अभ्यासक्रमाचाच भाग. महाराष्ट्रात २०१० मध्ये मुलांच्या पॅलिएटिव्ह केअरचा प्रकल्प सुरू झाला तेव्हा मुंबईच्या शीव रुग्णालयाबरोबर जव्हारचं कुटीर रुग्णालयही त्यात होतं. शीवमध्ये चालणारं मराठी जव्हारच्या वारली किंवा कोकणा घरात तसंच्या तसं चालत नाही. 'दुखणं' हा शब्द कोणी आजारासाठी वापरतं, कोणी ठणक्यासाठी. आशाताई तिथे दुभाष्या म्हणूनही लागतात, मग त्यांना त्याच खोलीत शिकवायला हवं.

कार्यशाळेनंतरचे सहा महिने 'इको' पद्धतीने चांगले जातात: आठवड्याला किंवा पंधरवड्याला ठरलेल्या वेळी सगळी केंद्रं व्हिडिओवर, पंधरा-वीस मिनिटं शिकवणं, उरलेला वेळ खऱ्या रुग्णांवर चर्चा. रुग्णाची माहिती एका पानात: वय, वजन, निदान, चालू औषधं मिलिग्रॅममध्ये, घरात कोण कोण आणि नेमका प्रश्न एका वाक्यात. नाव नाही. वजन लिहायचं राहिलं तर चर्चा तिथेच थांबवावी; दुसऱ्यांदा कोणी विसरत नाही. वीज आणि नेट जाणाऱ्या ठिकाणी आवाजावरच काम भागवायची तयारी ठेवावी, नाहीतर लांबची केंद्रं महिन्याभरात गळतात.

तीन महिन्यांनी जाऊन पाहायचं ते भिंतीवर नाही, नोंदवहीत. मॉर्फिन किती खर्ची पडलं? दहा केसपेपर काढा: कितींवर वजन आहे, कितींवर दुखण्याचे गुण दोनदा लिहिलेत, मॉर्फिनखाली बद्धकोष्ठाचं औषध आहे का? मॉर्फिनचा खर्च शून्य असेल तर पुन्हा कार्यशाळा घेऊ नका. फार्मासिस्टशेजारी बसून अर्ज कुठे अडकलाय ते शोधा.

आणि नोंदवहीतला एक रकाना बहुतेक ठिकाणी कोराच राहतो, परत आलेल्या गोळ्यांचा. मूल गेल्यावर उरलेलं मॉर्फिन घरात राहायला नको, पण ते आणून द्या असा निरोप धाडायचा नसतो. नर्सने आठवड्याभरात स्वतः घरी जायचं, आईजवळ बसायचं, धाकट्या भावंडाची चौकशी करायची. निघताना गोळ्या मोजून घ्यायच्या आणि वॉर्डात परतल्यावर तो आकडा तारखेसह लिहून खाली दोघांनी सही करायची.