पेठच्या पाड्यावरची चूल

आज पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर जाऊन आले. तिथल्या मावशींचं जुनं घर कुडाचं. पावसाळ्यात भिंती ओल धरायच्या, सापा-विंचवाची भीती तर कायमचीच. आता घरकुल मिळालंय. २०१६ पासूनच्या ग्रामीण आवास योजनेत घर किमान २५ चौरस मीटरचं लागतं आणि त्यात स्वयंपाकाची जागाही धरलेली असते. मला हे फार मोलाचं वाटतं.

घरात निर्धूर चूल आहे, धूर नळकांड्यातून थेट छपराबाहेर. मावशी नागलीची भाकरी थापत होत्या, डोळ्याला पदर न लावता! नातीचा खोकलाही कमी झालाय म्हणाल्या. गॅस आहे, पण सिलिंडर भरायला पैसे जुळले तरच पेटतो. तो परवडेल असा दर व्हायलाच हवा, नाहीतर सरपणाचा भारा बाईच्याच डोक्यावर.