कवेलू कोणी फेरायचे?

ग्रामपंचायतीच्या नमुना ८ च्या उताऱ्यावर घरासमोर दोन रकाने असतात, एक मालकाच्या नावाचा आणि दुसरा भोगवटादाराच्या, म्हणजे घर वापरणाऱ्याच्या, नावाचा. यवतमाळ जिल्ह्यातील दारव्हा तालुक्यात आमचे जे वडिलोपार्जित घर आहे, त्याच्या उताऱ्यावर पहिल्या रकान्यात आम्हा तिघा भावांची नावे आहेत आणि दुसऱ्यात माझे एकट्याचे. प्रत्यक्षात मात्र गेली काही वर्षे त्या घरात किरायदार राहतात आणि मी तालुक्याच्या गावी राहतो. घरपट्टी कोणाकडून वसूल करायची, हे त्या कागदावरून कळते. पावसाळ्याआधी छपरावर कोण चढणार, हे त्यावरून कळत नाही, आणि गेल्या वर्षी आमची मागची भिंत नेमकी याच प्रश्नाखाली बसली.

घर जुने आहे. पुढची ओसरी आणि मधली खोली दीड हात जाडीच्या मातीच्या भिंतींची, सागवानी फाट्यांवर (वाशांवर) कवेलू, म्हणजे मातीची कौले. मागे स्वयंपाकघर आणि न्हाणी नंतर विटांत बांधून वर टिन टाकलेले. वडील होते तोवर रोहिणी लागली की कवेलू फेरण्याचे काम ठरलेले असे. छपरावर चढणारा माणूस फाट्यावरच पाय देतो, मध्ये देत नाही; एकेक ओळ खालून वर उकलत जातो, फुटके कवेलू बाजूला काढतो, सांध्यांत साचलेली माती, लिंबाचा पाला आणि चिमण्यांची घरटी झाडून टाकतो आणि त्याच ओळी पुन्हा नीट एकमेकांवर चढवतो. वानरांचा एक कळप एका दुपारी छपरावरून गेला तरी पंधरा-वीस कवेलू सरकतात, त्यामुळे एक वर्ष हे काम टाळले तर नुकसान गळतीपुरते राहत नाही. थेंब फाट्यावर पडत राहतो, फाटा जिथे भिंतीत शिरतो तिथे ओल धरतो आणि त्या ओलीच्या मागोमाग उधई, म्हणजे वाळवी, येते. मातीच्या भिंतीचा माथा एकदा भिजू लागला की तळापर्यंत पाणी उतरायला फार दिवस लागत नाहीत.

मी ते काम सलग दोन वर्षे टाळले. माणूस मिळत नाही, हे कारण खरे होते. पण मीही तो फारसा शोधला नाही, हे त्याहून खरे आहे.

आषाढात किरायदाराचा फोन आला. तो तरुण नोकरदार आहे, बोलायला अदबशीर. "काकाजी, मांगची भिंत फुगल्यावाणी दिसून राह्यली, एकदा येऊन पाहून घ्या," असे तो म्हणाला. पेरणी चालू होती, दुबार पेरणीची भीती होती. पोळ्यानंतर गवंडी घेऊन येतो, असे मी त्याला सांगितले. श्रावणात तीन दिवस झड लागली आणि चौथ्या पहाटे न्हाणीकडची भिंत सहा-सात फूट रुंदीत बाहेरच्या बाजूला पडली. ती आत पडली असती तर काय झाले असते, हा विचार मी फार वेळ करत नाही. त्याची सायकल आणि आमच्या आईचा पाटा ढिगाऱ्याखाली गेला, एवढेच.

गवंड्याने जागा पाहिली आणि कोणाचीही बाजू न घेता सांगितले. टिनाची पन्हळ गंजून तुटली होती, म्हणजे वरचे पाणी भिंतीच्या पायाशी पडत होते, हे माझे. न्हाणीच्या मोरीचा पाइप भिंतीबाहेर सांध्यातून निघाला होता आणि शोषखड्ड्यात जाण्याऐवजी रोजचे आंघोळीचे पाणी पायातच मुरत होते. हे रोज त्या मोरीवर पाणी घेणाऱ्याला दिसायला हवे होते. शेजाऱ्याने आपल्या घरकुलाचे खोदकाम करताना निघालेली माती आमच्या भिंतीला लावून टाकली होती, त्यामुळे पाण्याला वाहून जायला उतार राहिला नव्हता.

आमच्याकडची जमीन काळी. पाणी प्यायली की ती फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया खाली मुरमापर्यंत नेलेला नसेल तर प्रत्येक मोसमात भिंत थोडी उचलली जाते आणि थोडी खाली बसते. चोहोबाजूंनी ओल सारखी असेल तर घर हे सहन करते. एकाच कोपऱ्यात मोरीचे पाणी बारा महिने मुरत असेल तर तेवढाच कोपरा वेगळा हालतो आणि दाराच्या चौकटीच्या वरून तिरपी भेग निघते. अशी भेग चुना भरून बुजवणे निरर्थक आहे. आधी पाणी शोधावे लागते.

खर्च कोणाचा, हा प्रश्न मग आलाच, आणि गावातल्या दोघा-तिघांनी कायद्याच्या गोष्टी सांगितल्या, ज्या अर्ध्या बरोबर होत्या. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ प्रमाणे, वेगळा करार नसेल तर घर राहण्याजोगे ठेवणे मालकाला बंधनकारक आहे. त्याने हयगय केली तर किरायदार किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः दुरुस्ती करू शकतो आणि खर्च किरायातून वळता करू शकतो, मात्र वर्षाच्या किरायाच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. पण हा कायदा त्याच्या अनुसूचींत दिलेल्या क्षेत्रांपुरता आहे, आणि खेडी बहुतांशी त्याबाहेर राहतात. तिथे उरतो तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. त्याच्या कलम १०८ मध्ये किरायदाराची जबाबदारी स्पष्ट आहे: घर ताब्यात घेतले तेव्हा जसे होते तसे राखायचे आणि तसेच परत करायचे, वापराने होणारी साहजिक झीज आणि माणसाच्या हाताबाहेरची आपत्ती तेवढी वगळलेली. मालकाला घर पाहायला येऊ द्यायचे, आणि आपल्या चुकीने झालेला बिघाड मालकाने कळवल्यापासून तीन महिन्यांत दुरुस्त करायचा. मालकावर मात्र करारात काही लिहिले नसेल तर दुरुस्तीचा तसा थेट भार या कलमात नाही. म्हणजे कायद्यावर बोट ठेवून मी अंग काढून घेऊ शकलो असतो. पन्हळ दोन वर्षे तुटलेली ठेवणाऱ्याने ते करणे मला लाजिरवाणे वाटले, म्हणून भिंत मी बांधली, मोरीचा पाइप आणि शोषखड्ड्याची सफाई त्याने केली आणि शेजाऱ्याने माती उचलली, अर्थात दोन वेळा सांगितल्यावर.

भावांचा भाग निराळा. त्यांची नावे उताऱ्यावर आहेत, ते दोघेही लांब आहेत, आणि खर्चाचे सांगितले की "तूच पाहून घे, तू जवळ आहेस" असे उत्तर येते. जवळ असणे हा जणू गुन्हाच आहे.

नवीन भिंत उभी राहिल्यावर मी आणि किरायदाराने ओसरीत बसून सगळे घर डोळ्यांखालून घातले. शौचालय दोन खड्ड्यांचे आहे. पहिला भरला की मधल्या चेंबरमधून प्रवाह दुसऱ्याकडे वळवायचा असतो आणि पहिला दीड-दोन वर्षे तसाच ठेवायचा असतो, हे त्याला माहीतच नव्हते आणि मीही कधी सांगितले नव्हते. मीटरकडून येणारी वायर टिनाच्या कडेवर घासत होती. टिनाच्या घरात ही गंमत नाही, कारण वायरचे आवरण झिजले की सगळे छप्परच विजेखाली येते. ती वायर नळीतून घेतली आणि ३० मिलिअँपिअरचा, गळती होताच वीज तोडणारा स्विच बसवला. तो खर्च माझा. अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळ्यात आठवड्याला बादलीभर पाणी टाकायचे काम त्याचे.

आता स्वयंपाकघराच्या खिळ्याला एक वही टांगलेली आहे. काय बिघडले ते तो तारखेसह लिहितो आणि त्याच दिवशी मला फोनवर वाचून दाखवतो. मी कधी आलो आणि काय केले ते मी लिहितो. यंदा रोहिणीतच शेजारच्या गावचा माणूस मिळाला आणि दोन दिवसांत कवेलू फेरून झाले. चांगले निघालेले चाळीस-एक कवेलू अंगणात भिंतीला टेकवून रचून ठेवले आहेत. वहीतली शेवटची नोंद किरायदाराची आहे: "वानरं आले होते. ओसरीवरचे सात कवेलू सरकले, चार फुटले. शिडी लावून बदलले. आता छत्तीस उरले."