तात्पुरता नंबर

एसटी स्टँडसमोर माझं सेवा केंद्र आहे. दाखले, सातबारा, आंबा-काजूचा विमा, घरपट्टी, पॅन. बाहेरच्याला हे कॉम्प्युटरचं काम वाटतं. खरं काम ओटीपीचं. समोर म्हातारा बसलेला, आधारला जोडलेला फोन मुंबईत झिलाकडे म्हणजे मुलाकडे, झील लोकलमध्ये लोंबकळतोय, आणि ओटीपी मरायला तीस सेकंद उरलेले. जून-जुलैत तर कॉलेजप्रवेशाच्या दाखल्यांची रांग पार वडापाववाल्याच्या टपरीपर्यंत जाते. अशा वेळी अनोळखी नंबरचा फोन मी उचलत नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे.

2016 साली मी इथल्या नगरपरिषदेत ठेक्यावर ऑपरेटर होतो. अकरा-अकरा महिन्यांचे दोन करार. साइट बाहेरच्या कंपनीने बनवून दिलेली, मजकूर भरायचं काम माझ्याकडे. कचेरीतला सगळा मजकूर युनिकोडच्या आधीच्या फॉन्टात टाइप केलेला. तो साइटवर चिकटवला की ‘मुख्याधिकारी’च्या जागी इंग्रजी अक्षरं, कंस आणि उद्गारचिन्हांचा चिवडा दिसायचा. फुकटातलं कन्व्हर्टर लावलं तर पहिली वेलांटी आणि रफार जागा सोडायचे. ‘परिषद’ची ‘परषिद’, ‘अर्ज’चा ‘अजर्’. एकेक पान वाचून हाताने दुरुस्त केलं मी. रात्री आठपर्यंत बसायचो, पगार ठेकेदार देईल तेव्हा. बाकीच्यांनी सरळ स्कॅन करून पीडीएफ चढवल्या असत्या, तेही तिरके. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तसंच असतं. ना शोधता येत, ना मोबाइलवर वाचता येत.

‘संपर्क’ पानावर एक रकाना होता, ‘आपत्कालीन कक्ष दूरध्वनी’. पुढे लाल चांदणी, म्हणजे भरल्याशिवाय पान सेव्हच होणार नाही. अग्निशमनची लँडलाइन बिल थकल्यामुळे तुटलेली. हेडक्लार्कना विचारलं. ते पान लावत म्हणाले, “सध्या तुझा टाक रे. मागाहून बदलू.”

टाकला. दहा आकडे, माझ्या हाताने.

करार संपला आणि फोन सुरू झाले. नळाला पाणी नाही, खांबावरचा दिवा गेला, गटारात कुत्रा मरून पडलाय. सुरुवातीला “रॉंग नंबर” म्हणायचो. मग समोरचा चिडायचा, “साइटवर तर हाच आहे!” त्याचं खरंच होतं. हळूहळू मी पाणीवाल्याचा, लाइटवाल्याचा, आरोग्य निरीक्षकांचा नंबर पाठ करून टाकला आणि लोकांना देऊ लागलो. 22 जुलै 2021 ला चिपळूण बुडालं, त्यानंतर तर पाऊस चढला की मुंबईहून नुसते चौकशीचे फोन. एका चाकरमान्याने मला सांगितलं होतं की अख्ख्या कोकणात फोन उचलणारी ही एकच नगरपरिषद.

नंबर का बदलला नाही, असं बायकोही विचारते. आधार, बँक, केंद्राचं लॉगिन, सगळ्याचे ओटीपी याच नंबरवर. तो बदलायचा तर आठ दिवस धंदा बंद. आणि चूक साइटची असताना मी का बदलू? दोनदा लेखी अर्ज दिला, आवक शिक्का मारून घेतला. उत्तर तोंडी: पासवर्ड कंपनीकडे, कंपनीचा देखभालीचा करार संपलेला, नवीन कराराची फाइल ‘वर’ आहे. माहिती अधिकाराच्या कायद्यात कलम 4 खाली अधिकाऱ्यांची यादी कुणी न मागता प्रसिद्ध करायची असते, वेळोवेळी ताजी ठेवायची असते. म्हणून दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून विचारलं, साइट अद्ययावत ठेवायची जबाबदारी कोणाची? उत्तर आलं, ‘सदर माहिती अभिलेखावर आढळून येत नाही.’ एवढं खरं उत्तर सरकारी कागदावर मी क्वचित पाहिलंय.

2025 च्या सुरुवातीला सरकारचा शंभर दिवसांचा कार्यक्रम आला. त्यात पहिलाच मुद्दा संकेतस्थळाचा. म्हटलं, आता सुटलो. नवी साइट आली, वर समुद्राचा फोटो, अक्षरं मोठी-लहान करायची सोय. संपर्काचं पान उघडलं. तिसऱ्या ओळीत ‘नगरपरषिद’. माझ्या नजरेतून 2016 ला सुटलेली वेलांटी. जुनं पान तसंच्या तसं उचलून नव्या रंगात बुडवलेलं. खाली माझा नंबर.

त्याच आषाढात, दिव्याची अवस होती. रात्रभर मुसळधार. आमच्याकडे भरतीचा हिशोब तोंडी करतात, तिथीची पाऊणपट. अवसेची तिथी पंधरा, पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास खाडीला उधाणाची पूर्ण भरती, आणि वरून डोंगराचं पाणी. भरती वर चढत असते तेव्हा नदीच्या पाण्याला तोंडाशी वाट मिळत नाही, ते मागे फुगतं. हे इथल्या शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळत होतं. पण दुकानात पाच जणं, साइट रखडलेली, मी फोन सायलेंट करून पालथा ठेवलेला.

नऊ चाळीसला उचलला तो चुकून, ओटीपी बघायला उलटा केला तेव्हा.

“नगरपरिषदेचा आपत्कालीन कक्ष ना? अहो, किती वेळ लावतेय!” डोंबिवलीहून एक बाई बोलत होती. आई खाडीकडच्या वाडीत एकटी. शेजारचे रात्रीच वर शाळेत गेले, ही गेली नाही. आता पडवीत पाणी, तिचा फोन लागत नाही. 1077 ला, म्हणजे जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला लावलं तर तिकडच्याच जिल्ह्याचा कक्ष लागला. ते म्हणाले, तुमच्या गावच्या नगरपरिषदेचा नंबर साइटवर बघा.

माझं नेहमीचं वाक्य ओठावर होतं. ते निघालं नाही. “नाव सांगा आईचं,” एवढंच म्हणालो.

इथून 1077 लावलं, त्यांनी लिहून घेतलं. आरोग्य निरीक्षकांना लावलं, ते पुलापलीकडे अडकलेले. अग्निशमनची गाडी दुसऱ्या टोकाला झाड पडलं तिकडे. शेवटी शाळेतल्या एका मित्राला लावलं. तो खाडीत पाग टाकतो, त्याची छोटी होडी आहे. मी काही विचारायच्या आत तो म्हणाला, “खयची? माडाखालच्या घरातली? बघतंय.” तो आणि त्याचा भाऊ निघाले. मी दुकानात राहिलो. रांगेतल्या मुलीला नॉन-क्रिमीलेअरची शेवटची तारीख होती, तिचा अर्ज भरला. हात चालत होते.

पुढचं मित्राने सांगितलेलं. म्हातारी ओट्यावर बाकड्यावर उभी, कमरेला पदर खोचलेला. होडीत बसायला तयार नाही. “मी येवचंय नाय. माझी म्हस खंय बांधतलंस?” गोठा खालच्या अंगाला. भावाने छातीएवढ्या पाण्यात जाऊन म्हशीचं दावं कापलं. म्हैस पोहत गडग्याकडे वर चढली. रेडकू आखूड दोरीला बांधलेलं होतं. त्याचं तोंड पाण्याखाली गेलेलं. अजून गरम होतं, असं मित्र म्हणाला. का सांगितलंस, असं मी त्याला विचारणार होतो.

साडेदहाला म्हातारी शाळेत पोचली. मुलीला कळवलं. ती फोनवर रडली, आणि पुन्हा पुन्हा “साहेब” म्हणाली.

दुपारी गर्दी ओसरल्यावर मी फोनमधली यादी उघडली. तोच नंबर. 8:52. 9:10. 9:31. तीनही लाल. आठ बावन्नला पडवीत पाणी नव्हतं. ती स्वतःच म्हणाली होती, नऊनंतर शिरलं म्हणून. तेव्हा उचलला असता तर म्हातारी रेडकाची दोरी हातात धरून पाखाडीने चालत वर गेली असती. किंवा तरीही हटून बसली असती. हा हिशोब मी बऱ्याचदा केला, तो पाऊणपट करून सुटत नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीत गेलो आणि आवाज चढवला, जो मी कधी चढवत नाही. टेबलावरचा नवीन मुलगा, तोही ठेक्यावरचाच, शांतपणे म्हणाला, “पण दादा, हा नंबर टाकला कोणी?” मी गप्प. त्याने माझ्यादेखत पॅनेल उघडलं, दोन मिनिटांत नंबर काढला. पासवर्ड त्याच्या टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर होता. लाल चांदणी अजून होतीच, रिकामा रकाना सेव्ह होईना. त्याने दहा शून्यं भरली. अजून तीच आहेत.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी एक बाई दुकानात आली, सोबत पेढ्यांचा पुडा. घरपट्टी भरायची होती, आईच्या नावावर थकलेली. महिन्याला दोन टक्के शास्ती चढत होती आणि तिला तीनच दिवसांची रजा. नाव बघून मला समजलं. फोन मी पालथा केला.

“नगरपरिषदेत आपत्कालीनला कोण गृहस्थ असतात हो?” तिने विचारलं. “पेढे द्यायचे होते. तिथे विचारलं तर असा कक्षच नाही म्हणतात.”

“बदली झाली असेल,” मी म्हणालो. तो नंबर माझाच असं सांगितलं असतं तर ते तीन लाल कॉलही सांगावे लागले असते.

पैसे भरले. तिच्या खात्यातून कट झाले, पडद्यावरचं चक्र फिरत राहिलं, पावती आली नाही. संध्याकाळपर्यंत येते, नेहमीचंच आहे, असं मी म्हणालो. तिने पुड्यातले दोन पेढे काढून माझ्या की-बोर्डशेजारी ठेवले.

“आणि नाही आली, तर कोणाला फोन करू?”

मी चिठ्ठीवर बायकोचा नंबर लिहून दिला.