धबधब्यासमोरची खोली

म्युनिकमध्ये राहून मी मराठी कुटुंबांचे युरोपातले प्रवास आखून देते. बहुतेक कामं फोनवर आणि कॉम्प्युटरवर उरकतात. चिपळूणच्या एका काकूंचं काम मात्र जागेवर जाऊनच करायचं, असं मी ठरवलं. त्यांना जायचं होतं ऑस्ट्रियातल्या बाड गास्टाइनला, आणि ते गाव नकाशावर दिसतं तसं अजिबात नाही.

काकूंना बऱ्याच वर्षांचा संधिवात. मुलगा म्युनिकला नोकरीला. गास्टाइनच्या खोऱ्यात रेडॉन वायू विरघळलेल्या गरम पाण्याचे उपचार मिळतात, हे त्याला कळलं आणि आईला मावशीच्या सोबतीनं तीन आठवडे तिथं ठेवायचं त्यानं मनावर घेतलं. रेडॉन किरणोत्सारी असतो. घरात साठला तर फुप्फुसांच्या कॅन्सरचा धोका वाढतो, म्हणून लोक तो घराबाहेर काढायला पैसे मोजतात. इथे तोच वायू ठरावीक मात्रेत, ठरावीक वेळ घेतात. त्यामुळे काकूंच्या डॉक्टरांचा होकार आल्याशिवाय मी कामाला हातच लावला नाही. होकार आला तोवर मुलानं हॉटेल पसंत केलं होतं. बरोबर धबधब्यासमोरचं, उंच छतांचं, जुन्या थाटाचं. आईसाठी सगळ्यात चांगलं तेच घ्यायचं, ही त्याची ओढ मला दिसत होती. मी एवढंच म्हटलं, "पैसे भरायच्या आधी एक दिवस मला दोघींना तिथं नेऊन आणू दे. तीन आठवडे ज्यांना चालायचंय त्यांना आधी चालून बघू दे."

टाउअर्न रेल्वेचं स्टेशन गावाच्या वरच्या अंगाला आहे. गाडीतून उतरलं की समोरच फेल्सनथेर्म हे सार्वजनिक स्नानगृह, आणि मग रस्ता जो उतरायला लागतो तो थेट दरीत. इमारती एकमेकींच्या डोक्यावर उभ्या. मागच्या रस्त्यानं आत शिरलात तर तळमजला, पुढून पाहिलं तर तोच चौथा-पाचवा. नकाशावर बोटभर दिसणारं अंतर म्हणजे प्रत्यक्षात कडेनं कठडा धरून उतरायच्या पायऱ्या. पार्किंगच्या इमारतीतली लिफ्ट इथले लोक चक्क रस्ता म्हणून वापरतात.

काकू दहा-बारा पायऱ्या उतरून थांबल्या. "उतरीन गं मी. पण रोज वर कोण आणणार मला?"

तरी आम्ही सावकाश खाली गेलो, कारण धबधबा न दाखवता नेणं मला बरं वाटेना. गास्टाइनर आखे नदी गावाच्या मधोमध तीन टप्प्यांत ३४१ मीटर कोसळते. पुलावर उभं राहिलं की तोंडावर तुषार येतात आणि शेजारच्याशी बोलायचं तर ओरडावं लागतं. मावशी शाळेत इतिहास शिकवायच्या. श्ट्राउबिंगर चौकातल्या हॉटेलात ऑगस्ट १८६५ मध्ये प्रशिया हे जर्मन राज्य आणि ऑस्ट्रिया यांनी जिंकलेल्या श्लेस्विग-होल्स्टाइन या मुलखाची वाटणी ठरवली, हे मी सांगितलं तशा त्या म्हणाल्या, "म्हणजे प्रशियाचा बिस्मार्क इथे होता! आणि पुढच्याच वर्षी दोघांचं युद्ध." किती वर्षं मुलांकडून पाठ करून घेतलेला तह होता तो. त्या चौकात त्या हलेचनात.

मुलानं पसंत केलेली खोली आम्हाला उघडून दाखवली. खरोखर सुरेख होती. खिडकी लावली की शांत, उघडली की पाण्याचा गडगडाट. जुन्या आल्पाइन इमारतींत एसी क्वचितच असतो, उन्हाळ्यात खिडकी उघडी ठेवूनच झोपतात. काकूंची झोप दुखण्यामुळे आधीच तुटकी. मी स्वागतकक्षात नेहमीचे प्रश्न विचारले: झऱ्याचं पाणी इमारतीत येतं का? टब कुठल्या मजल्यावर? खोलीपासून टबापर्यंत एकही पायरी नसलेली वाट आहे का? उपचारासाठी आलेल्या माणसाचं घर मी नेहमी या प्रश्नांवर निवडते, बाल्कनीवर नाही. झऱ्यांचं पाणी सेहेचाळीस अंशांपर्यंत गरम निघतं, टबासाठी ते निववून घेतात. पण त्यातून बाहेर आल्यावर अंग सैल पडतं आणि अर्धा तास तरी आडवं व्हायचं असतं. ओल्या केसांनी हजार मीटर उंचीवरच्या वाऱ्यात चढ चढून परतायचं असेल, तर पाण्यानं दिलेलं सगळं त्या चढावरच संपतं. इथे पाणी होतं, लिफ्ट होती, पण टबाच्या दालनाच्या दाराशी चार पायऱ्या होत्या.

मग बसनं खाली आठेक किलोमीटरवरच्या बाड होफगास्टाइनला. वरची घळ इथे रुंद होते, ऊन जास्त वेळ टिकतं, गल्ल्या सपाट. इथल्या जमिनीतून हे पाणी येत नाही. १८३० पासून ते वरच्या गावातून नळानं आणतात. काकूंनी एका ठिकाणी ओंजळीत घेऊन हुंगलं. "आमच्या तुरळच्या कुंडासारखा गंधकाचा वास नाही याला." नसतोच. गास्टाइनच्या पाण्यात क्षारही फार कमी असतात.

माझ्या मनात होता तो इथला एक फ्लॅट. सपाट रस्ता, लिफ्ट, नीट स्वयंपाकघर, आल्पेनथेर्म हे मोठं स्नानगृह चालत जाण्याजोगं. मावशींचे उपास असतात, काकूंना रात्री मऊ भात लागतो. तीन आठवडे हॉटेलच्या हाफ बोर्डावर, म्हणजे नाश्ता आणि रात्रीच्या जेवणावर, शाकाहारी माणसाचं निभतं, पण चीज आणि बटाट्यांवर. मावशींनी शेगडी पाहिली आणि त्यांचा चेहरा उजळला. मला वाटलं, ठरलं.

काकू मात्र पलंगावर बसून राहिल्या. मग मला म्हणाल्या, "त्या बाईंना विचार, रात्री मी न्हाणीघरात अडकले, उठता आलं नाही, तर कोण येतं?"

किल्ली द्यायला आलेल्या मुलीनं खरं ते सांगितलं. मालक दुसऱ्या गावात राहतात, किल्ली कोड टाकायच्या पेटीत ठेवलेली असते, अडचण आली तर फोन करायचा. मावशींचे हात काकूंना उचलण्याइतके बळकट नाहीत, हे तिघींनाही माहीत होतं. "एकदा असं झालंय माझं," काकू म्हणाल्या. "पहाटेपर्यंत बसले होते. मुलाला सांगितलेलं नाही, आणि तूही सांगू नकोस, मीच सांगेन." आणि त्या संध्याकाळी गाडीत त्यांनी सांगितलं, फोनवर, माझ्यासमोर.

त्या एका प्रश्नानं माझी सगळी यादी बदलली. दुपारी आम्ही फक्त मालक घरातच राहतात अशी छोटी अतिथीगृहं, इथल्या भाषेत पेन्शन, पाहिली. खोऱ्यात अशी घरगुती राहण्याची ठिकाणं बरीच आहेत. दुसऱ्याच घरात काकूंनी स्वतः टबाशेजारची दोरी ओढून बघितली. घंटा खाली वाजली आणि मालकीणबाई पिठाच्या हातांनीच धावत वर आल्या. तळघरातल्या टबापर्यंत लिफ्ट, टबाला दोन बाजूंना दांडे, न्हाणीघरातही तशीच दोरी. स्वयंपाकघर वेगळं नव्हतं. मी तेवढ्यासाठी घासाघीस केली: संध्याकाळी एक शेगडी आणि एक पातेलं मावशींच्या ताब्यात. बाईंनी जरा विचार केला आणि हो म्हटलं, फक्त फोडणीच्या वेळी खिडकी उघडी ठेवायची.

बोकश्टाइनजवळच्या हाइलश्टोलनबद्दल मुलानं फोनवर विचारलंच. १९४० च्या दशकात सोन्यासाठी खणलेला तो बोगदा. सोनं लागलं नाही, पण आतल्या उष्ण हवेत खाणकामगारांची दुखणी हलकी होऊ लागली, आणि पुढे तिथेच उपचार सुरू झाले. लोक छोट्या आगगाडीनं डोंगराच्या पोटात जातात आणि ३७ ते ४१.५ अंशांच्या दमट हवेत पडून राहतात. काकूंना रक्तदाब आहे. तिथे आत सोडण्याआधी डॉक्टर तपासतातच, त्यामुळे तो निर्णय त्यांच्यावर सोडला आणि पहिल्याच सोमवारची वेळ घेऊन ठेवली.

परतीच्या गाडीआधी आगाऊ रक्कम भरून झाली. धबधब्यासमोरची ती खोली मुलानं एका शनिवारच्या रात्रीसाठी स्वतःकरता घेतली. त्या रविवारी दोघी बसनं वर जाऊन त्याच्या बाल्कनीत नाश्ता करणार आहेत, आणि मावशींना चौकात पुन्हा एकदा नीट फिरायचं आहे.