तेच व्याख्यान, पुन्हा एकदा

"सर, तेच व्याख्यान पुन्हा पुन्हा देऊन कंटाळा येत नाही का?" तुम्ही विचारलंत, तुमच्याआधी आमच्या घरातूनही विचारून झालंय, म्हणून सांगतो.

येतो. 6 मेला राजर्षी शाहूंची पुण्यतिथी, 26 जूनला जयंती, मग जुलैत पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले ती रात्र. आमची सुगी एवढीच. महिला मंडळ असो, ज्येष्ठ नागरिक संघ असो की तालीम मंडळ. शाल, श्रीफळ, खरखरणारा माइक आणि 'दोनच शब्द बोलतो' म्हणून अर्धा तास खाणारे अध्यक्ष ठरलेले. आमच्या घरी नारळ विकत आणायची पाळी येत नाही.

पण हे व्याख्यान आता माझं एकट्याचं राहिलेलं नाही. एका तालमीत शाहू महाराजांच्या 1902 च्या हुकमावर बोललो होतो. 26 जुलै, करवीर म्हणजे कोल्हापूर संस्थानातल्या नोकऱ्यांच्या रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी 50 टक्के मागासलेल्यांना; ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी आणि इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकी सगळे मागासलेले. टाळ्या झाल्या. आभाराचा माणूस माइककडे निघाला, तोवर मागून एक म्हातारबाबा उठले. खांद्यावर टॉवेल, हातात चहाचा कप तसाच.

"सर, त्या दिवशी म्हाराज कोल्हापुरात हुते काय?"

"होते की!" मी ठोकून दिलं.

"बरं," म्हणून बसले. पण ते 'बरं' असं काही होतं, की घरी येऊन जेवायच्या आधी पुस्तकं काढली.

महाराज इंग्लंडमध्ये होते! सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला गेलेले. समारंभ ठरला होता 26 जूनला, नेमकं राजाचं पोटाचं ऑपरेशन निघालं आणि तो 9 ऑगस्टवर गेला. मधल्या त्या दिवसांत इकडे हुकूम निघाला. गाऱ्हाणं घेऊन जायचं म्हटलं तरी महाराज सातासमुद्रापार, असं मी आता व्याख्यानात म्हणतो. हशा हमखास येतो.

पुढच्या वर्षी त्याच तालमीनं बोलावलं. आधी चूक कबूल केली, मग विषयाला हात घातला. बाबा पहिल्या रांगेत. संपल्यावर जवळ आले.

"आता बराबर. पर बोटीनं जायला किती दिस लागलं असतील वो? तेवढं बघून ठेवा पुढच्या टायमाला."