एचएसकेचा, म्हणजे चिनी भाषेच्या परीक्षेचा, फॉर्म भरला एकदाचा!

देवगडात सकाळपासून लाइटीचा लपंडाव, म्हणून स्टँडजवळच्या सायबर कॅफेत जाऊन एचएसकेच्या तिसऱ्या पातळीचा फॉर्म भरला. स्क्रीनवरची चिनी अक्षरं बघून कॅफेवाला दादा म्हणाला, "ह्यां खंयच्या भरतीचा फॉर्म गो?"

पहिल्या दोन पातळ्यांत अक्षरांसोबत पिनयिन, म्हणजे रोमन लिपीतला उच्चार छापलेला असतो. तिसरीपासून ती कुबडी गेली! 300 पैकी 180 मिळाले की पास. ऐकण्याचं निभावेल, लेखनाचीच धाकधूक.

आईचं वेगळंच. "चीनात हापूस विकतलंस काय?" आयडिया तशी वाईट नाही म्हणा. पण केंद्र मुंबईचं, तेव्हा आधी कणकवलीहून कोकणकन्याचं तिकीट मिळतंय का बघते. वेटिंग असेलच.